सहलीचा निबंध आणि डोंगरावरची माणसे

कार्तिक हा आपल्याकडे सहलीचा महिना. कोजागरीचे दूध पिऊन झालेले असते, दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेलेला असतो, खाचरांतले भात कापून उडव्या लागलेल्या असतात आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना आवळीभोजनाची आठवण होते. आवळ्याच्या झाडाखाली पान मांडून जेवायचे, म्हणजे जेवणासाठी का होईना घराबाहेर पडायचे, ही आपली जुनी सहल. शाळांच्या सहलीही याच सुमारास निघतात. आणि सहल झाली की पाठोपाठ निबंध येतो : ‘आम्ही केलेली सहल’.

हा निबंध गेली वीस वर्षे मी तपासतो आहे. त्याचा सांगाडा ठरलेला असतो. पहाटे उठणे, एस. टी.त म्हटलेली गाणी, धुक्यात बुडालेला डोंगर, चढताना लागलेला दम, माथ्यावरचा गार वारा, खाली दिसणारी खेळण्यासारखी घरे, डब्यातल्या पुऱ्या, सूर्यास्त, आणि ‘दमून पण आनंदाने’ घरी परतणे. या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी एक वाक्य हमखास असते : ‘तेथील लोक गरीब पण प्रेमळ होते.’ पोरे ते वाक्य एकमेकांचे पाहून लिहीत नाहीत. ते त्यांना आपोआप सुचते. त्यांना ते कुठून सुचते, हा या लेखाचा विषय आहे.

मला समीक्षेची परिभाषा येत नाही. दहावीपर्यंत शिकलेला, चार कादंबऱ्या लिहिलेला मास्तर मी. परंतु तपासनिसाची एक खोड हाताला लागलेली असते. कोणी कोणाचे उतरवून घेतले, ते चटकन कळते. आपल्या मराठीतले डोंगरावरचे ललित लेखन वाचताना मला वारंवार असे वाटत आले आहे की, मुलांनी मोठ्यांचे उतरवले आहे. शैली सुधारते, शब्द संपन्न होतात, इतिहासाचे दाखले येतात. सांगाडा तोच राहतो, आणि ते एक वाक्यही तसेच राहते.

आमच्या पनवेलच्या पूर्वेला प्रबळगडाची भिंत उभी आहे आणि तिच्यामागे माथेरानचा पठारी माथा. दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा. या डोंगरांवर राहणाऱ्या माणसांचा कार्तिक हा आपल्या कार्तिकाहून निराळा असतो, हे प्रथम सांगितले पाहिजे. हिमालयात औलीला किंवा गुलमर्गला शरद संपता संपता जी स्थिती असते, तीच उलट्या अर्थाने इथे असते. तिथे गवत वाळले, गुरे खाली आली, आणि माणसे बर्फ पडण्याची वाट पाहतात. बर्फ पडेल तेव्हा घसरण्याच्या खेळासाठी लोक येतील आणि चूल पेटेल. औलीला पुरेसा बर्फच न पडल्याने स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या, असेही अलीकडे घडले आहे. आमच्या डोंगरावर बर्फाची नव्हे, पावसाने जाण्याची वाट पाहतात. काही पडण्याची वाट पाहणे आणि काही थांबण्याची वाट पाहणे, यांत पोटाच्या दृष्टीने काही फरक नाही.

माथेरानचेच पाहा. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती बांधली; रुळांतले अंतर दोन फूट, वाट सुमारे एकवीस किलोमीटरची. पावसाळ्यात ही गाडी बंद असते; वरचा अमन लॉज ते माथेरान एवढाच तुकडा चालतो. २०१९ च्या पावसाने तर मार्ग असा खचला की पूर्ण गाडी पुन्हा धावायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. त्यापुढे पाय, घोडा, माणसाने ओढायची रिक्षा, आणि २०२२ च्या डिसेंबरापासून प्रयोगादाखल आलेल्या विजेवरच्या रिक्षा. पावसाच्या त्या महिन्यांत घोडा खातो तेवढेच, कमावत मात्र नाही. म्हणून दसऱ्याच्या आसपास आभाळ फाटून ऊन पडले की पर्यटकाला दिसते ती सोनकीची पिवळी फुले आणि घोडेवाल्याला दिसतो तो घाटाचा रस्ता : कोणी येते आहे का? नाल ठोकून घेणे, खोगिराला तेल लावणे, दुकानाच्या फळ्यांवरचे शेवाळ खरवडणे, चिक्कीवाल्याने गुळाची ढेप आणून ठेवणे, हा सारा त्या डोंगराचा कार्तिक. हा कार्तिक आपल्या साहित्यात कुठे आहे?

एका काळी आपल्या प्रेमकथांत माथेरान फार होते. नायक आणि नायिका पॉइंटवर उभी राहत, वारा नायिकेचा पदर उडवी, आणि नायक काहीतरी उदात्त बोले. त्यांचे सामान कोणी वर आणले, ते लेखकाला सांगावेसे वाटले नाही. नायिकेला रिक्षातून ओढत नेणारा माणूस मला त्या कथांत भेटला नाही. भेटला तर ‘रिक्षावाला’ एवढाच, त्याला नाव नाही, दम नाही, घाम नाही. २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करावे, असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे अमानुष आहे, हे न्यायालयाला सांगावे लागले. या गोष्टीकडे मी साहित्याचा वाचक म्हणून पाहतो, तेव्हा मला वाटते की हे वाक्य पन्नास-साठ वर्षांपूर्वी एखाद्या मराठी कथेत यायला हवे होते. उपदेश म्हणून नव्हे. नुसते त्या माणसाच्या पोटऱ्यांचे वर्णन आले असते तरी पुरे होते.

‘शोध’ हा दुसरा एक लाडका शब्द. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौकच्या बाजूने हा डोंगर चढून गेले आणि त्यांनी माथेरानचा शोध लावला, असे आपण लेखामागून लेखात लिहितो. डोंगरावर आणि त्याच्या उतारांवर ठाकर, कातकरी, धनगर राहतच होते. ‘माथ्यावरचे रान’ हे नावही कलेक्टरसाहेबांनी ठेवलेले नाही. १८७१ साली जे. वाय. स्मिथ या डॉक्टराने माथेरानवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावात डोंगराबरोबर तिथली माणसे, वनस्पती आणि प्राणी असा क्रम आहे. माणसांना पहिला मान दिला म्हणून आनंद मानावा, की झाडे आणि जनावरे यांच्या एकाच यादीत त्यांना बसवले म्हणून खेद करावा, हे मला ठरवता येत नाही. पण निदान यादीत तरी ती होती. आपल्या सहलीच्या लेखांत पुष्कळदा तीही नसतात.

याचा अर्थ मराठीने डोंगर नीट पाहिलाच नाही, असा मात्र कोणी घेऊ नये. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले आणि त्याने मराठी वाचकाची दृष्टी धुऊन काढली. त्यापूर्वी आपल्याला ऋतू म्हणजे मुख्यत्वे वसंत आणि श्रावण. आश्विन-कार्तिक हे दोन सणांचे महिने. त्यांना स्वतःचा चेहरा आहे, गवताचा रंग हिरव्यावरून सोन्यावर जाताना मधे कितीतरी छटा घेतो, हे त्या पुस्तकाने दाखवले. लेखिका कुठेही ‘अहाहा’ म्हणत नाही. ती पाहते आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत ठेवते. निसर्गवर्णन म्हणजे विशेषणांची आरास, या समजुतीवर त्या पुस्तकाने कायमचे पाणी सोडायला हवे होते. आपण सोडले नाही, हा दोष पुस्तकाचा नाही. त्यात माणसांचा वावर कमी आहे, ही तक्रार मी करणार नाही. महिन्याचे चरित्र लिहिणाऱ्याने महिन्याचे लिहावे. पण पुढे त्यांच्या वाटेने गेलेल्यांनी ती नजर उचलली नाही, नुसती फुलांची नावे उचलली. सोनकी, तेरडा, कारवी असे लिहून झाले की निसर्गलेखन झाले, असे आता वाटू लागले आहे.

गडकोटांच्या पुस्तकांचेही असेच झाले. स. आ. जोगळेकरांचा ‘सह्याद्री’ हा थोरला ग्रंथ १९५२ सालचा. एका पर्वताचे इतके भरघोस दर्शन घडवणारे दुसरे पुस्तक मराठीत शोधावे लागेल. त्या ग्रंथाची नंतर वाटणी झाली आणि आपल्या वाट्याला फक्त किल्ल्यांचा इतिहास आला. प्रबळगडावरचा कोणताही लेख घ्या. हा गड म्हणजेच जुना मुरंजन. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत तो होता. शेजारी कलावंतिणीचा सुळका, त्याला कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या. हे सर्व खरे आहे आणि सांगण्यासारखेही आहे. पण या पायऱ्यांकडे जाताना वाटेत प्रबळमाची लागते. डोंगराच्या खांद्यावर वसलेली ही ठाकरांची वाडी, आणि पायथ्याशी ठाकूरवाडी. नाचणी, वरी कापून झाली की माचीवरची घरे शनिवार-रविवारची वाट पाहू लागतात. अंगणे सारवली जातात, पाण्याचे हंडे भरून ठेवले जातात, तंबू उन्हात घातले जातात. पूर्वी पावसावर पीक अवलंबून असे. आता उघडिपीवर पाहुणे अवलंबून असतात. एका पिढीत एका माचीचे जीवन असे पालटले, हा केवढा मोठा विषय! लेखात मात्र त्याचे एवढेच होते : ‘माचीवर चहा-पोह्यांची उत्तम सोय आहे.’ ‘गरीब पण प्रेमळ’ याचीच ही नवी आवृत्ती. पूर्वी ती माणसे प्रेमळ होती, आता ती सोय झाली.

या ओसाड प्रांतात एक माणूस उंच उभा आहे, तो म्हणजे गो. नी. दांडेकर. लहानपणीच शाळा सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेलेले आणि मग आयुष्यभर गड तुडवलेले गोनीदा डोंगराकडे परतीची गाडी धरायच्या घाईने पाहत नाहीत. ‘पवनाकाठचा धोंडी’ (१९५५) यात गडाच्या हवालदारीचा अभिमान उराशी धरून बसलेला धोंडी आहे. ‘माचीवरला बुधा’ (१९५८) यात मुंबई सोडून राजमाचीवर राहायला गेलेला म्हातारा आहे. झाडेझुडपे आणि मुके प्राणी हेच त्याचे गणगोत. आणि ‘जैत रे जैत’ तर आमच्या शेजारची, कर्नाळ्याच्या सुळक्याभोवतीच्या ठाकरांची. ढोल वाजवणारा नाग्या, त्याचा डोळा घेणारी राणी माशी, तिच्याविरुद्ध त्याने पुकारलेले वैर आणि त्याच्या मागे उभी राहिलेली चिंधी. १९७७ साली डॉ. जब्बार पटेलांनी त्यावर चित्रपट केला आणि तो घराघरांत पोचला. या कथेत शहरातून आलेला पाहुणा नाही, म्हणून ‘तेथील लोक’ हा शब्दच संभवत नाही. लिंगोबाचा डोंगर हे जगाचे मध्य आहे आणि सगळे काही तिथून मोजले जाते. मला वाटते, गोनीदांचे सर्वांत मोठे यश ते हेच.

परंतु जिथे प्रेम आहे तिथेच तपासनिसाने लाल पेन्सिल जपून का होईना चालवावी. गोनीदांची डोंगरावरची माणसे काळाच्या बाहेर उभी आहेत. त्यांना डोंगराची ओढ आहे, देवाची आहे, पूर्वजांची आहे. बाजाराची त्यांना फारशी पर्वा नाही. बुधा माचीवर जातो तो आईच्या मांडीवर जावे तसा. आज प्रबळमाचीवरचा तरुण खाली बघतो तो गिऱ्हाईक किती येते ते बघायला, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. गोनीदांच्या मोहक चित्राचा परिणाम असा झाला की, आपल्याला डोंगरावरचा माणूस निर्मळ, निरिच्छ असाच हवा असतो. त्याने चहाचे वीस रुपये मागितले की आपण हळहळतो : ‘डोंगरावरही आता पैसा शिरला.’ जणू पैसा फक्त आपल्याच खिशात शोभतो!

मग हे लिहावे कसे? त्याचे एक उत्तर डोंगरावर नव्हे, माणदेशाच्या माळावर सापडते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मी दर दोन वर्षांनी वाचतो. मास्तरकीची ती माझी पोथी आहे. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो आणि शाळेत पोरेच नसतात, कारण ती मेंढरांमागे गेलेली असतात. हा मास्तरही बाहेरचाच. पण तो सहलीला आलेला नाही, राहायला आलेला आहे. म्हणून त्याला कारभारी ‘प्रेमळ’ दिसत नाही. कधी प्रेमळ, कधी हट्टी, कधी रुसलेला असा दिसतो. वाडीवर चांगले वर्ष येते, तालीम बांधून होते, आणि मग दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते. ऋतू हा तिथे देखावा नाही. ऋतू हेच कथानक आहे. इंग्रजीत लिहिणारे रस्किन बाँड यांचेही असेच. १९३४ साली जन्मलेला हा लेखक साठच्या दशकापासून मसुरीच्या डोंगरात राहतो. पाहुण्यांचा हंगाम सरतो, माल रोड ओस पडतो, तरी तो तिथेच असतो. म्हणून शिंपी, दूधवाला, शाळेतली पोरे त्याच्या लेखनात नावानिशी येतात. आपल्या मारुती चितमपल्लींना जंगल उमगले, ते नोकरीने त्यांना तिथे ठेवले म्हणून. सारांश, पाहणे ही मुक्कामाची विद्या आहे. एका दिवसात सूर्यास्त दिसतो, माणूस दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, दिवाळीच्या दिवसांत हा काय रडका सूर! सहलीचा लेख हलका असावा. तो काही जनगणनेचा तक्ता नव्हे. मला हे मान्य आहे. आनंदाच्या लेखात दुःखाची फोडणी घालावी असे माझे म्हणणे नाही. घोडेवाल्याने नव्या हंगामासाठी घोड्याला घासून पुसून उभे करणे, यात आनंद नाही काय? माचीवरच्या बाईने पहिल्या पाहुण्याला नव्या नाचणीची भाकरी वाढणे, आणि वाढताना तो पुढल्या वेळी परत येईल की नाही याचा अंदाज घेणे, यात विनोद, चतुराई, जीवनाची गोडी सगळेच आहे. हलका लेख या गोष्टींनी जड होत नाही, भरीव होतो. आपण मात्र धुक्यावर दोन पाने लिहितो आणि भाकरीवर अर्धी ओळ.

आणि या अर्ध्या ओळीची किंमत किती असते, तेही एकदा मोजले पाहिजे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले. सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. इरशाळगड चढणाऱ्या शेकडो जणांनी त्या वाडीत पाणी प्यायले होते, ओसरीवर पाठ टेकली होती. त्यांतल्या कितीतरी जणांनी प्रवासाचे लेख लिहिले होते. दुर्घटनेनंतर मी असे जुने लेख काढून वाचले. गडाच्या सुळक्यातले नेढे त्यांत होते, वाटेवरचे ओढे होते, चढाईला लागणारा वेळ मिनिटांनिशी होता. वाडीबद्दल होते ते असे : वाटेत ठाकरांची एक वाडी लागते, लोक प्रेमळ आहेत. एवढेच. ज्या अंगणात पाणी प्यायले त्या अंगणाच्या धनिणीचे नाव एकाही लेखात नव्हते. ती वाडी आता त्या जागी नाही. ती कशी होती, हे सांगणारे मराठी वाङ्मय आपल्यापाशी असायला हवे होते. तिच्या दाराशी आपण इतकी वर्षे जात होतो. साहित्याने दरड थांबवता येत नाही, हे मी जाणतो. पण जे गेले ते कोण होते, हे सांगणे तरी साहित्याचे काम आहे की नाही?

हा दोष लेखकांच्या अंतःकरणाचा आहे असे मी मानत नाही. हा दोष साच्याचा आहे. सहलीचा निबंध नेहमी जाणाऱ्याचा असतो. जिथे जायचे तिथल्याने तो कधी लिहिलेला नसतो. आज डोंगरातल्या वाड्यांवरची मुले आश्रमशाळांत, हायस्कुलांत शिकताहेत. त्यांनाही परीक्षेत ‘आम्ही केलेली सहल’ हाच विषय येतो, आणि तीही बिचारी पाठ केलेले धुके उतरवून काढतात. जे धुके त्यांच्या दारात रोज सकाळी येते, ते नव्हे. त्यांना एखाद्या वर्षी विषय द्यावा : ‘आमच्या वाडीवर आलेली सहल.’ पाहुण्यांचे बूट, त्यांचे धापा टाकणे, त्यांनी मागे टाकलेल्या बाटल्या, त्यांनी विचारलेले वेडेवाकडे प्रश्न, आणि ते कुठल्या शनिवारी पुन्हा येतील याची आईने चुलीपाशी बसून केलेली गणिते, हे सारे त्यांना ठाऊक आहे. त्यातल्या एखाद्याने ते नीट लिहिले तर मराठीला तिचे पुढचे डोंगराचे पुस्तक मिळेल. तोवर आपण जाणाऱ्यांनी निदान ज्याच्या घरी पाणी प्यायलो त्याचे नाव विचारावे आणि लेखात ते लिहावे. शहरातली पोरे मग शहाण्या माणसांचेच उतरवतील.